दहाचा चहा झाला नाही

माझ्याकडे येणारा माणूस एक तर लंगडत येतो, नाही तर लंगडणाऱ्याची फाईल काखेत मारून येतो. खुर्चीत बसला की तो आधी एक्स-रे काढतो आणि खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवतो. मी तीस वर्षं वकिली करते आहे, डॉक्टरकी नाही, हे सांगून सांगून थकले. आता मीही मान वर करून गंभीर चेहऱ्याने "हं, मोडलंय खरं" असं म्हणते. त्याला बरं वाटतं आणि कामाचं बोलणं सुरू होतं.

मी अपघाताचे दावे चालवते. 'मोटार अपघात दावा न्यायाधिकरण' असं त्या कोर्टाचं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे पिंपरी-भोसरीत त्याला 'एक्सिडेंटचं कोर्ट' म्हणतात आणि तेवढ्याने सगळ्यांना कळतं. गाडीने कुणाला धडक दिली आणि माणूस जखमी झाला किंवा गेला, तर भरपाई मागायची ती इथे. खून, दरोडे, घटस्फोट यांतलं माझ्याकडे काही नाही. माझी एक आत्या अजून विचारते, "तू मोठी केस कधी घेणार गं?" भोसरीपासून चाकणपर्यंत रोज जेवढे ट्रेलर आणि कंटेनर धावतात, त्यांच्या चाकासमोर सापडलेल्या माणसाच्या केसहून मोठी केस कोणती असते, हे तिला एकदा शांतपणे विचारायचं आहे.

वडील पिंपरीत एका कारखान्यात टर्नर होते. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत शिस्त फारशी नव्हती, पण एक नियम कडक होता. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि वाचता येत नसेल तर वाचता येईपर्यंत करायची नाही. माझी सगळी वकिली त्या एका वाक्यावर उभी आहे. कायद्याची पुस्तकं नंतर आली.

लोक मात्र सही करतात. पाय वर टांगलेला, डोळ्यांवर औषधाची झापड, अशात गाडीमालकाचा माणूस शहाळी घेऊन भेटायला येतो. गोड बोलतो, उशी सरकवून देतो आणि जाता जाता स्टँपपेपर पुढे करतो, 'आपसात मिटले, आमची काही तक्रार नाही.' एक वेल्डर माझ्याकडे आला तेव्हा अशी सही करून बसला होता. मी पुष्कळ धडपडले, पण त्याच्या हाती जे लागायला हवं होतं त्याच्या निम्मंही लागलं नाही. तेव्हापासून मी शहाळं पीत नाही.

दुसऱ्या तऱ्हेची माणसं नीटनेटकी असतात. तळवड्याच्या आयटी पार्कातला एक इंजिनीयर मला आठवतो. ट्रकने त्याची बाईक उडवली. मनगट प्लॅस्टरमध्ये असताना या पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी भावाला सांगून बाईक दुरुस्त करून घेतली, धुतली, वर पॉलिश मारलं. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "साहेब, अपघात नक्की झाला होता ना?" ट्रकचा निळा रंग बाईकच्या टाकीला घासून लागलेला होता. तोच पुरावा होता, आणि तो सर्व्हिसिंगवाल्याच्या फडक्यात गेला. म्हणून सांगते, पोलिसांनी आणि आरटीओने बघेपर्यंत मोडकी गाडी मोडकीच राहू द्या. चेपलेला डबा आणि फाटलेला शर्टसुद्धा ठेवा. घरातल्या बाईला तो धुवायचा मोह होतो, तो आवरा.

पण सगळ्यात महागात पडणारी चूक दवाखान्याच्या दारात होते. आत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, काय झालं? जे उत्तर द्याल ते केसपेपरवर उतरतं. पुढे दोन वर्षांनी कोर्टात तुमच्या वकिलापेक्षा तो कागद जास्त बोलतो. ट्रकने उडवलं म्हटलं की डॉक्टर पोलिसांना कळवणार, मग जबाब, मग खेटे. एवढी कटकट नको म्हणून आपले लोक सांगून टाकतात, "घसरून पडलो." असं एकदा लिहिलं गेलं की विमा कंपनी म्हणते, घसरून पडलात ना, मग आमच्या ट्रकशी तुमचा काय संबंध?

शेवंतामावशीही तेच बोलल्या होत्या. फक्त त्यांचं कारण माझ्या तीस वर्षांत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

मावशी चाकण एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटसमोर चहा-नाश्त्याची हातगाडी लावायच्या. मूळच्या सोलापूरकडच्या, राहायला म्हाळुंग्यात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी सोनाली शिकून नोकरीला लागलेली. सकाळी पोहे, दहाच्या सुट्टीत चहा, दुपारी भजी. कंपनीत कँटीन होतं, पण तिथला चहा फुकट असूनही माणसं गेटबाहेर मावशींकडे यायची. गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये दहाची किटली मावशी स्वतः नेऊन द्यायच्या. माल घेऊन आलेल्या ट्रेलरना आत जायला कधी कधी दोन-दोन दिवस रांगेत थांबावं लागतं. त्या ड्रायव्हरांची सकाळ मावशींच्या पोह्यांनी व्हायची.

त्यातलाच एक ज्ञानोबा, परभणीकडचा. त्या दिवशी सकाळी त्याने मावशींच्या हातावर पेढा ठेवला. चार दिवसांपूर्वी त्याला मुलगी झाली होती. मोबाइलवर फोटो दाखवून झाला, नाव काय ठेवायचं यावर चर्चा झाली. मग त्याचा नंबर लागला. गेटमध्ये लावायला तो ट्रेलर मागे घेत होता आणि मावशी किटली घेऊन केबिनकडे निघाल्या होत्या. त्याला आरशात त्या दिसल्या नाहीत. मागच्या फाळक्याचा दणका बसला, मावशी खाली पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं.

ज्ञानोबा पळाला नाही. उतरून धावत आला, मोठ्याने रडायला लागला, आणि त्यानेच त्यांना उचलून एका टेम्पोत ठेवलं. मावशींनी तशा अवस्थेत त्याला सांगितलं, "रडू नगंस. गाडी खाली कर आन नीघ. मी बघते काय सांगायचं ते." आणि दवाखान्यात सांगितलं, पाय घसरून पडले.

हे सगळं मला अडीच महिन्यांनी कळलं. सोनाली त्यांना रिक्षातून घेऊन आली होती. हाड वाकडं जुळलं होतं, पाय आखूड झाला होता आणि पाच मिनिटंही उभं राहवत नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, पुन्हा मोठं ऑपरेशन केलं तर उभ्या राहतील. ते ऑपरेशन मायलेकींच्या आवाक्यातलं नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. "मावशी, अहो खोटं कशाला सांगितलंत?"

"ताई, चार दिसाची लेक हाय त्याची. त्यो जेलात गेला असता तर तिनं बाप कवा बघायचा?"

"आणि तुमच्या पायाचं काय?"

"माझा पाय काय, बसंल म्हनलं हळूहळू. पर बसंना. आन ताई, बसून पोहे व्हत न्हाईत. पोह्याला उभंच ऱ्हावं लागतं."

इथे मी माझा आवाज चढवला, ते कबूल करते. मी त्यांना समजावलं की अशा अपघातात ड्रायव्हरला बहुतेक वेळा लगेच जामीन मिळतो, त्याच्यावर खटला चालतो पण तो काही फासावर जात नाही. आणि भरपाई त्याच्या खिशातून जात नसते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला विमा असावाच लागतो तो याचसाठी, की तिने कुणाला इजा केली तर विमा कंपनीने भरून द्यावं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मला तवा कुनी सांगितलं असतं तर!" त्यांचं बरोबर होतं. हे सांगणारं तिथे कुणीच नसतं, म्हणून तर आज लिहायला बसले आहे.

उशिरा का होईना, पोलिसांत तक्रार दिली. ज्ञानोबाला बोलावणं गेलं. तो स्वतःच्या पायांनी हजर झाला. "म्याच रिव्हर्स घेत होतो साहेब, माझ्याच गाडीनं लागलं मावशीला," असं सांगून मोकळा झाला. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला. ज्या तुरुंगातून त्याला वाचवायला मावशींनी पायाची भरपाई पणाला लावली, त्या तुरुंगाचं दारसुद्धा त्याने पाहिलं नाही.

मग दावा लावला. आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण इतरांच्या चुका सांगताना माझी जीभ फार सैल सुटते. आमच्याकडे अर्जाचा मसुदा ठरलेला असतो, नाव-गाव बदललं की झालं. अर्जदार बाई असली की धंद्याच्या रकान्यात बोटं आपोआप 'गृहिणी' टाइप करतात. माझीही केली. सोनालीने घरी जाऊन अर्ज आईला वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला.

"ताई, अठरा वर्षं मी गाडी लावतीया. उन्हापावसात. तुमी मला घरी बसवलंत व्हय?"

तीस वर्षं पुरुष वकिलांना याच गोष्टीवरून फैलावर घेणारी मी! त्या दिवशी मला खरंच लाज वाटली. अर्ज दुरुस्त करून घेतला, 'स्वतःचा चहा-नाश्त्याचा व्यवसाय' असं लिहिलं आणि मावशींना फोनवर दोनदा वाचून दाखवलं.

विमा कंपनीचं उत्तर आलं. त्यांचे वकील माझे जुने मित्र आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण दरवर्षी दिवाळीत त्यांच्या घरचे अनारसे मला हवे असतात. त्यांनी मुद्दा बिनतोड काढला होता. बाई दवाखान्यात घसरून पडल्याचं सांगते. अडीच महिन्यांनी अचानक ट्रेलर उगवतो. ड्रायव्हर गुन्हा कबूल करायला उड्या मारत येतो. आणि हा ड्रायव्हर तिच्याच गाडीवर रोज पोहे खाणारा! सरळ संगनमत आहे, विम्यासाठी रचलेली गोष्ट आहे. मावशींचं आणि ज्ञानोबाचं प्रेम त्यांच्याच विरुद्धचा पुरावा झालं.

मावशींची उलटतपासणी झाली तेव्हा त्यांना खुर्ची दिली होती. माझ्या मित्राने विचारलं, "दवाखान्यात तुम्ही खोटं सांगितलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"एकदाच बोलले साहेब. त्याचंच भोगतीया."

"मग आज खरं बोलताय हे कोर्टाने कशावरून मानायचं?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी फाईल चाळली. पोलिसांचा पंचनामा अडीच महिन्यांनंतरचा, त्यात रस्ता आणि गेट यांखेरीज काही नव्हतं. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं. कंपनीतले कामगार साक्षीला यायला कचरत होते, कंत्राटी नोकरी कुणाला घालवायची आहे! हा दावा गेला तर ऑपरेशन गेलं, आणि मावशी जन्मभर त्या खुर्चीतच राहणार, हे मला आणि त्यांना दोघींना समजत होतं. त्या दिवशी रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "ताई, मला खोटारडी म्हनले त्ये." पायापेक्षा त्यांना ते लागलं होतं.

एरवी मी अपघाताची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दावा लावत नाही. या वेळी ड्रायव्हरच कबूल आहे म्हणून आळस केला होता. आता निघाले. चाकणच्या ट्रॅफिकला शिव्या देत गेटपर्यंत पोचले, तर सिक्युरिटीने अडवलं.

सिक्युरिटी म्हणजे कदममेजर. साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले (तिकडे साध्या जवानालाही मेजरच म्हणतात), मिशी इस्त्री केल्यासारखी. त्यांनी माझ्यापुढे रजिस्टर सरकवलं. "नाव लिवा. कुठनं आला, कुनाला भेटायचं, गाडी नंबर, टाइम, सही."

"मला आत जायचं नाही. मला फक्त ही जागा बघायची आहे."

"मग जागा बघायला आलो असं लिवा."

"अहो, ही जागा रस्त्यावर आहे. रस्ता सरकारचा आहे."

"रस्ता सरकारचा, पर गेट माझं. गेटम्होरं थांबायचं तर नोंद पायजे."

भर उन्हात दहा मिनिटं आमचं हे चाललं. शेवटी मी हरले, तणतणत नाव लिहिलं, सही केली. मेजरनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं आणि शेवटच्या रकान्यात सावकाश काहीतरी लिहिलं. त्या रकान्याचं नाव 'शेरा'. आमच्या धंद्यात समोरच्याच्या टेबलावरचा कागद उलटा वाचता यावा लागतो. मी वाचलं. 'मॅडम रागावल्या. पाणी दिलं.'

खरंच पुढच्या क्षणी त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

मी पाणी प्यायले नाही. माझं लक्ष त्या रकान्यातच होतं. "मेजर, तुम्ही सगळंच लिहिता?"

"ड्युटीवर जे घडतंय ते लिवायचं. न घडलेलं लिवायचं न्हाई. वीस वर्षं फौजेत हेच केलं."

"चहाच्या मावशींना ट्रेलर लागला, त्या दिवशी ड्युटी कुणाची होती?"

"माझीच की."

"मग ते लिहिलंय?"

"न लिवून कसं चालंल?"

"अहो मग इतके दिवस कुणाला सांगितलं का नाही?"

मेजर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी विचित्र बोलते आहे. "कुनी इचारलंच न्हाई."

मी पाणी प्यायले, आणखी एक ग्लास मागितला. पण अपघाताला वर्ष उलटून गेलं होतं. भरलेली रजिस्टरं आत स्टोअरमध्ये जात, आणि दरवर्षी खंडेनवमीच्या साफसफाईत वर्षाहून जुनी रद्दी भंगारवाल्याकडे. खंडेनवमीला चार दिवस होते. मी हात जोडले, रजिस्टर द्या म्हटलं. मेजरनी मान हलवली. "कंपनीची वस्तू गेटभाईर जात न्हाई. कोर्टाचा हुकूम आना, मी सोता घिऊन येतो."

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, कोर्टाने समन्स काढायला परवानगीही दिली. पण समन्स टेबलावरून टेबलावर जात कंपनीत पोचायला वेळ लागतो, त्यात दसऱ्याची सुट्टी. मी कंपनीच्या एचआरच्या साहेबांना फोन केला. ते सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, समन्स आलं की बघू. सफाई मात्र ठरल्याप्रमाणे होईल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, खंडेनवमी म्हणजे आमच्या पट्ट्यातला खरा सण. घरी दसरा नंतर, आधी कारखान्यातली पूजा. आदल्या दोन दिवसांत सगळा मशीनशॉप धुऊन काढतात, मशीनला झेंडूचे हार घालतात, पाने-पकडींना हळदकुंकू वाहतात. लहानपणी त्या दिवशी वडील आम्हाला कारखाना दाखवायला न्यायचे आणि आपल्या लेथला ओळख करून द्यायचे, "ही माझी मोठी मुलगी." या खंडेनवमीला मात्र मला चैन पडेना. शेवटी पेढ्याचा पुडा घेतला आणि पूजेच्या निमित्ताने चाकणला गेले.

गेटमागे स्टोअरच्या बाजूला भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. त्यात कागदांचे गठ्ठे भरलेले होते. मी तिकडेच निघाले. तेवढ्यात मेजरनी केबिनमधून हाक मारली, "मॅडम, प्रसाद घिऊन जावा."

केबिनमध्ये पाट मांडला होता. पाटावर टॉर्च, शिट्टी, काठी, गाड्यांखाली बघायचा दांड्याचा आरसा, सगळं ओळीने, झेंडूच्या हारात. आणि मधोमध चार जाडजूड जुनी रजिस्टरं, वर कुंकवाची पाच बोटं.

"हे हो काय, मेजर?"

"आमची शस्त्रं," मेजर शांतपणे म्हणाले. "सकाळी एचआरसाहेबांनी सोता फुलं वाहिली. पुजलेली वस्तू रद्दीत कोन टाकंल?"

मी तिथेच हसत सुटले. मेजर हसले नाहीत. त्यांनी मला पेढा दिला आणि माझी नोंद करायला रजिस्टर पुढे केलं. या वेळी मी मुकाट्याने सही केली.

तारखेला मेजर कडक इस्त्रीच्या गणवेशात कोर्टात आले. रजिस्टर लाल फडक्यात बांधलेलं. ते उघडलं तर पानाच्या कडेला कुंकू उतरलेलं आणि मध्ये झेंडूची एक पाकळी चिकटलेली. माझे मित्र ताडकन उठले. "साहेब, कागदावर डाग आहेत. छेडछाड झालेली दिसते."

"छेडछाड न्हाई साहेब," मेजर म्हणाले. "पूजा हाय."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, हसू लपवायला. म्हणाले, "नोंद वाचा."

मेजरनी सावधान पवित्र्यात उभं राहून वाचलं. आधी तारीख, वेळ, ट्रेलरचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. मग शेरा, 'ट्रेलर रिव्हर्स घेताना मावशीस धडक. मावशी जखमी. टेम्पोने दवाखान्यात रवाना. ड्रायव्हर रडत होता. किटली चेपली. दहाचा चहा झाला नाही.'

माझे मित्र हुशार आहेत, सहजासहजी सोडत नाहीत. "सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये चहाचा काय संबंध? हे नंतर घुसवलेलं आहे."

"साहेब, चहा दहाला येतो. त्या दिशी आला न्हाई. का आला न्हाई ते लिवायला नगं? आन घुसवायला जागा कुठाय? वरच्या वळीत पावनेधाचा टेम्पो हाय, खालच्या वळीत सव्वाधाला म्यानेजरसाहेबांची गाडी. मधी बोट शिरत न्हाई."

न्यायाधीशांनी रजिस्टर मागवून घेतलं आणि मागची-पुढची पानं चाळायला लागले. चाळता चाळता एकेक शेरा मोठ्याने वाचू लागले. 'कुत्रं आत शिरलं. हाकललं.' 'मॅनेजरसाहेब छत्री विसरले. परत आले. छत्री दिली.' 'दहाचा चहा आला. साखर कमी.' कोर्टात हशा पिकला. खुर्चीत बसलेल्या मावशींनी मात्र तोंडाला पदर लावला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बघा! साखर कमी झाली तर सांगायचं न्हाई व्हय मला?"

माझे मित्र खाली बसले. रजिस्टरला निशाणी पडली, म्हणजे कोर्टाने ते पुरावा म्हणून दप्तरी घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातात हात दिला आणि म्हणाले, "माणूस साक्षीला आणावा तर असा." त्या वर्षीचे अनारसे त्यांनी दोन डबे पाठवले.

निकाल आमच्या बाजूने लागला. किती मिळालं ते लिहीत नाही. ऑपरेशन झालं, नवी हातगाडी आली, एवढं पुरे. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं होतं की, अर्जदाराने दवाखान्यात दिलेली माहिती खोटी होती, पण ती स्वतःच्या फायद्यासाठी नव्हती, आणि कोर्टात ती खरं बोलली आहे. मावशींनी सोनालीकडून ती ओळ वाचून घेतली. मग म्हणाल्या, "धंद्याचं काय लिवलंय ते वाच." सोनालीने वाचलं, स्वतःचा चहा-नाश्त्याचा व्यवसाय. "परत वाच," मावशी म्हणाल्या. मीही पुन्हा ऐकलं. मला त्या ओळीचं देणं होतं.

ऑपरेशननंतर सात-आठ महिने गेले. आधी वॉकर, मग काठी, मग भिंत. एक दिवस सोनालीचा फोन आला, सोमवारपासून आई गाडी लावते आहे. सोमवारी माझ्या दोन तारखा होत्या. दोन्हीकडे पुढची तारीख मागून घेतली आणि चाकणला गेले. गेटसमोर मोठी रांग होती. पोह्यांची, ट्रेलरची नव्हे. ज्ञानोबा बायको-मुलीला घेऊन आला होता. मुलगी आता दुडुदुडु धावत होती आणि मावशी तिला सारख्या ओरडत होत्या, "गाडीच्या मागं जायचं न्हाई, आदी सांगते!"

मी कढईशेजारी जाऊन उभी राहिले. मावशींनी काठी हातगाडीला अडकवून ठेवली होती आणि दोन्ही पायांवर भार देऊन पोहे परतत होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पोहे करताना त्या कुणाशीच बोलत नाहीत. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी केबिनकडे गेले.

दहा वाजले होते. मेजरच्या टेबलावर नवी किटली होती आणि ते रजिस्टरमध्ये वाकून लिहीत होते. त्यांनी पेन ठेवलं, कपात चहा ओतला आणि माझ्यापुढे केला. मी सवयीने उलट्या बाजूने शेरा वाचला.

'मावशी उभ्या. दहाचा चहा झाला.'